सात नंबरचा विश्वासघात

३ जून. आजपासून रोज लिहायचं. प्रयोग माझ्या हातात आलाय. आधी बीप, मग उंदराच्या पायाला हलका शॉक. पुढे नुसत्या बीपने त्याची छाती धडधडली पाहिजे. पोटातला इवलासा ट्रान्समीटर ठोके कळवतो. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, जमलं तर रिसर्च पेपरवर पहिलं नाव तुमचं. घरी सांगूनही टाकलं.

५ जून. सात नंबर माझा लाडका. शॉकनंतर त्याला गुपचूप सूर्यफुलाची बी देतो. मनात काही राहायला नको.

९ जून. बटण दाबण्याआधी मी खाकरतो, सवयच आहे. तेवढ्यानेच सात नंबर जागच्या जागी थिजतो. ठोके सहाशेवरून साडेसातशे! जीव लावणं म्हणतात ते हेच. घरीही मी दाराबाहेर खाकरलो की आतली बडबड बंद. आदर मागून मिळत नाही.

१४ जून. आज परीक्षा. शॉक नाही, नुसता बीप. माझी दाढ ठणकत होती, म्हणून बटण ज्युनियरने दाबलं. सात नंबर मिशा साफ करत बसला. पोरीला साधं बटण दाबता येत नाही.

१५ जून. मी दाबलं. थिजला! ज्युनियर म्हणे, बीपच्या आधीच थिजला, तुम्ही खाकरलात तेव्हा. नाचता येईना, अंगण वाकडं.

१६ जून, दुपारी १२. ज्युनियरने माझं खाकरणं चोरून फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ते स्पीकरवर लावलं. मी काचेबाहेर. ठोके सातशे साठ. पुढ्यातल्या बीला तोंडही लावलं नाही. इतक्या बिया खाल्ल्यास, त्या कुणाच्या रे? दोघेही अस्तनीतले निखारे. डोळ्यांत पाणी आलं. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

२ जुलै. पेपर तयार. पहिलं नाव ज्युनियरचं. मी तिसऱ्या पानावर आहे: 'भीतीचा संकेत: सहायकाचं खाकरणं.' वाटलं, निदान बायको माझ्या बाजूने चिडेल. ती म्हणाली, उंदराला सहा दिवस लागले होय? लेक ताट उचलून आत गेली. घरचेही फितूर. निश्चय: उद्यापासून खाकरणं बंद.

३ जुलै, संध्याकाळी ६.४०. दाराबाहेर थांबलो. आत दोघी खदखदून हसत होत्या. लेक एवढी हसते, मला माहीतच नव्हतं. ओठ घट्ट मिटून पाच मिनिटं ऐकत उभा राहिलो. मग खोकला आलाच. आत सगळं शांत.