शेवटचं पान कुणाचं?

वाटूर,
सोमवार

प्रिय साजिया,

आष्टी काही सातासमुद्रापार नाही, आणि फोन तुझ्याकडेही आहे, माझ्याकडेही. तरी पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस आणि आज मला सगळं पुरं सांगायचंय. तेव्हा चहा घेऊन बस. आधी गंमत सांगते. तू हसत असतानाच बाकीचं सांगून टाकीन, म्हणजे मला जरा सोपं जाईल.

आपले पहिले दिवस आठवतात ना? परतूरचा कॉम्प्युटर क्लास संपला आणि पुण्याच्या सुरेखा मॅडमच्या जाहिरात कंपनीचं काम मिळालं. दुकानदारांच्या जाहिराती त्या इंटरनेटवर चालवणार, आणि किती लोकांनी जाहिरात पाहिली, कितींनी फोन केला, याचा दर महिन्याचा रिपोर्ट आपण दोघी आमच्या पुढच्या खोलीत बसून करणार. रिपोर्टवर लोगो त्यांचा, रंग त्यांचा, नाव त्यांचं. आपलं नाव कुठंही दिसता कामा नये, ही पहिलीच अट. आईला हे समजावताना तुझ्या नाकी नऊ आले होते. शेवटी तीच म्हणाली, "म्हंजे पापड आपुन लाटायचे आन् पिशवी त्यायची." इतकं सोपं करून मॅडमनाही कधी सांगता आलेलं नाही.

तर गंमत अशी. आईचं माहेर पिंपळगाव रेणुकाई, त्यामुळे आमच्याकडे किराण्याच्या यादीवरसुद्धा आधी 'श्री रेणुकामाता प्रसन्न, पिंपळगाव' लिहितात, हे तू पाहिलंच आहेस. नवी फाइल उघडली की माझी बोटंही आधी तेच टाइप करतात. पाठवण्याआधी पुसायचं. तू होतीस तेव्हा तूच ओरडायचीस, "प्रीते, देवीला जल्दी घरी पाठव, मंग फाइल पाठव." मागच्या महिन्यात ओरडायला कुणी नव्हतं. पंप विकणाऱ्या मोठ्या दुकानाचा बत्तीस पानी रिपोर्ट, त्यावर मॅडमचा झोकदार इंग्रजी लोगो, आणि लोगोच्या डोक्यावर बारीक अक्षरात आमची रेणुकामाता!

मग मॅडमचा फोन आला. दुकानाचे मालक संपतराव, वय झालेले गृहस्थ. त्यांनी रिपोर्ट उघडला आणि सरळ मॅडमना विचारलं, "तुमच्या हापिसात आमच्या पिंपळगावचं कोण हाय?" मूळचे तिथलेच निघाले ते! आणि मॅडमनी त्यांना आजवर सांगितलेलं की सगळं काम पुण्याच्या ऑफिसातच होतं. आता काय सांगणार? काम गेलंच, असं मी धरून चालले. दुपारी जेवलेसुद्धा नाही. आई मात्र निवांत. "देवीनं केलंय, देवीच निस्तरंल," म्हणाली आणि माझ्या ताटातली भाकरी परत टोपलीत ठेवली.

आणि खरंच निस्तरलं गं. संपतराव रागावले नव्हतेच, त्यांना मला बघायचं होतं. व्हिडिओ कॉलवर मॅडम एका चौकटीत घाम पुसतायत, आणि दुसऱ्या चौकटीत हे मला आईचं माहेरचं आडनाव, मामाचं नाव, घर देवळाच्या कुठल्या अंगाला, असं एकेक विचारतायत. मग म्हणाले, "पोरी, खरं सांगू का, बाकीची एकतीस पानं मी उघडत न्हाई. ते आखरीचं पान तेवढं काउंटरवर चिकटवतो. ते कोणाच्या डोक्यातून निघालं?"

आखरीचं पान म्हणजे तेच. आकडे नाहीत, आलेख नाहीत. या महिन्यात काय चाललं, काय वाया गेलं आणि उद्या सकाळी दुकान उघडल्यावर काय करायचं, एवढंच, साध्या मराठीत.

आणि साजिया, मी म्हणाले, "माझ्या."

आता तुझं हसणं थांबलं असेल. मला माहीत आहे ते पान कुणाचं आहे. आलेख पुरेत म्हणून मी तुझ्याशी भांडले होते आणि तू दोन दिवस अबोला धरला होतास. मग तूच ते लिहिलंस, ज्वारी निवडत बसलेल्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलंस, आणि आईनं एकदा जरी "म्हंजे?" म्हटलं की सगळं खोडून पुन्हा लिहायचं, असा नियम केलास. तू लग्न होऊन गेलीस, पान माझ्याकडे राहिलं. वापरून वापरून ते मला माझंच वाटायला लागलं, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं की हे करतं कोण, आणि मला मोह आवरला नाही. बस.

म्हणूनच गेल्या बाजाराला आष्टीत तू भेटलीस तेव्हा मी पळाले. तू किती सहज विचारलंस, "ते आखरी पान अजून लावून राह्यलीस का?" आणि वर तुझ्या सासूबाई, कमरुन्निसा खाला, म्हणाल्या, "इसको भी कुछ काम देओ ना बेटा, दिनभर मोबाइल में दुकानां के ॲड गिनती बैठती." मला पेरूंचा भाव विचारायचं अचानक सुचलं ते त्यामुळे. घरी येऊन मी आईला संपतरावांनी केलेलं कौतुक पुन्हा एकदा रंगवून सांगितलं, तर ती शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आगं, पन ते तर साजिया वाचून दावायची ना मला?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला फक्त आठवलं होतं. मी तिथूनच उठून मॅडमना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या! म्हणाल्या, प्रीती, दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावायचं हा तर माझा धंदाच आहे, मी तुला काय रागावू? पुढे त्यांनी स्वतःच संपतरावांना खरं काय ते सांगितलं, आणि तेव्हापासून मला घास गोड लागतोय.

आता हे पत्र कशासाठी, ते. संपतरावांनी आणखी चार दुकानदारांना तसलं पान हवंय म्हणून मॅडमच्या मागे लकडा लावलाय. ते काम एकटीनं उरकणारं नाही. शिवाय त्यांचा हट्ट असा, की ते पान ज्यांनी केलं त्यांचं नाव त्या पानाच्या तळाशी छापायचं. मॅडम तयार झाल्या. आपलं नाव, साजिया, छापलेलं! माझं एकटीचं चालेल म्हणाल्या, तर मी सांगितलं, छापाल तर दोघींचं छापा, नाहीतर ती जागा कोरी राहू द्या. पण तुझी कुठलीही गोष्ट तुला न विचारता वापरायची नाही, एवढं मी आता शिकलेय. म्हणून विचारतेय. परत ये. हवं तेवढं रागाव, दोन दिवस अबोला धर, आणि रागावून झालीस की मला एवढंच कळव, तुझं नाव कसं छापू? माहेरचं, सासरचं, की नुसतं साजिया?

चोरी कबूल केलेली,
तुझीच
प्रीती