मेंदूचा फोटो आणि आमचा नळ

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

आज माझ्या मेंदूचा फोटो आला. मला जडलेल्या उदासीच्या आजारावर संशोधन चाललंय, त्यासाठी मी स्वतःहून एमआरआयच्या मशीनमध्ये झोपले होते. डॉक्टरीणबाई आधीच म्हणाल्या होत्या, एकट्या फोटोत हा आजार दिसत नाही. खूप जणांचे फोटो ताडून बघावे लागतात. पण घरात ऐकतंय कोण? कोरड्या नळाखाली घागर लावता लावता सासूबाईंनी निकालच दिला, "फोटोत काईच न्हाई निघालं. समदी नाटकं हाईत."

वर्षभर असले टोमणे गिळले. आज का गिळू? विचारलं, "आत्याबाई, नळ फुटलाय का?"

"न्हाई की."

"पाइप?"

"चांगला हाय."

"मग पाणी कुठाय?"

त्यांनी रिकामी घागर उचलून बाजूला ठेवली. पुढच्या फोटोलाही मी जाणार. हा नळ अख्खा उन्हाळा कोरडा आहे. त्याला कुणी नाटकी म्हणालं नाही.