मुहूर्ताला दार लावून

काका,

"अक्षता पडताना फोटोग्राफरला घर नसतं," असं तुम्ही म्हणाला होतात. डोंबिवलीतल्या एका हॉलमध्ये, तुमच्या हाताखाली मी फोटो काढले त्या पहिल्याच लग्नात. पर्समध्ये फोन वाजत होता. आईचा असणार, जेवलीस का म्हणून. मी पर्सकडे नुसतं बघितलं आणि कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तुम्ही ते वाक्य टाकलंत. हार घालणं, मामाने मुलीला आणणं, सगळं परत करून घेता येतं. अंतरपाट बाजूला होतो तो क्षण परत होत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. तुमचा मुलगा झाला तेव्हा तुम्ही खडवलीला लग्नात होतात. हे तुम्ही स्टुडिओत येईल त्याला हसत सांगायचात. डबा घेऊन आलेल्या काकू मात्र हसायच्या नाहीत. "भाजी गार होतेय," एवढंच म्हणायच्या.

तुम्ही गेल्यावर स्टुडिओ बंद झाला, वाक्य माझ्याकडे राहिलं. मी स्वतःचं काम सुरू केलं, लग्न झालं, नवरा समजूतदार मिळाला. सासूबाई दर दिवाळीत हळूच विचारायच्या आणि मी म्हणायचे, हा सीझन जाऊ दे. सीझन कुठला जातोय? मला भीती होती की कधीतरी माझं मूल आणि कुणाचा तरी मुहूर्त एकदमच हाक मारतील, आणि मला एकीकडे पाठ फिरवावी लागेल. मग चाळिशी ओलांडल्यावर मुलगी झाली. ती अजून वर्षाचीही नाही.

गेल्या महिन्यात ते झालंच. हॉल माजिवड्याला, मुलीकडची माणसं वर्तकनगरची. आमची मुलगी बाटली तोंडाला लावू देत नाही, म्हणून नवरा तिला हॉलवर घेऊन येतो आणि विधींच्या मधल्या वेळात मी तिला पाजते. त्या दिवशी तिला भूक लवकर लागली. भटजी अंतरपाट धरायला सांगताहेत आणि नवऱ्याचा फोन.

"अगं, खाली पार्किंगमध्ये आहे. ऐकत नाहीये."

"जरा थांबव ना."

"मी थांबतो. तिला तू सांग."

त्याच्यामागून तिचा आवाज येत होता. काका, मी गळ्यात कॅमेरा तसाच घेऊन स्टेजवरून उतरले. माझ्याबरोबर फोटो काढणारी मैत्रीण समोरच होती. तिला म्हटलं, "तू घेशील?" ती म्हणाली, "मग मी काय इथे जेवायला आलेय? जा."

मुलीला घेऊन नवरीच्या खोलीत गेले, तर तिथे नवरीची आई बसलेली. मुलीचं लग्न आईने बघायचं नाही, त्या वेळी तुळशीला पाणी घालत बसायचं, ही रीत मला ठाऊक होती. पण इतक्या लग्नांत मी ती कधी पाहिली नव्हती. त्या वेळी मी तिथे असणारच कशी? घरच्या बाल्कनीतून आणलेली प्लॅस्टिकची कुंडी, हातात तांब्या, आणि पाणी कुंडीखालून वाहत लादीवर पसरलेलं. "ये, बस," त्या म्हणाल्या. "मला बघायचं नाही, तुला जायचं नाही. दार लाव." स्पीकरवरून मंगलाष्टकं ऐकू येत होती. प्रत्येक 'सावधान'ला त्यांचा तांब्या जरासा थांबायचा. डाव्या मुठीत थोड्या अक्षता होत्या, त्या टाकायच्या कुठे? शेवटी त्यांनी त्या माझ्या मुलीच्या डोक्यावर टाकल्या. "घे बाई तू, नाहीतर वाया जातील." मुलगी पिता पिता एक डोळा उघडून तांब्याकडे बघत होती. मी एका हाताने त्यांचा फोटो काढला.

मग बाहेर वाजंत्री वाजली आणि मला कळलं, गेला क्षण. काहीतरी कोसळेल म्हणून मी वाट बघत राहिले. काही कोसळलं नाही.

मैत्रिणीने घेतलेल्या फोटोत कुणा मामाचं कोपर आलंय. मी ते येऊ दिलं नसतं. नवरीला मात्र तोच आवडला. म्हणाली, यात मी माझ्यासारखी हसतेय. आईचा फोटो ती बराच वेळ बघत होती. "आई, तू रडली नाहीस?"

"वेळ कुठे होता? हिच्या बाळाची ढेकर काढायची होती."

लग्नाहून परत येताना पुलाखाली गाडी अडकली. मुलगी झोपली होती, नवरा कुठलंसं गाणं गुणगुणत होता. इतकी वर्षं खांदे दुखतात ते कॅमेऱ्याच्या वजनाने, असं मी समजत होते. त्या दिवशी कॅमेरा मांडीवरच होता आणि खांदे हलके होते.

हे पत्र काकूंना नेऊन द्यावं असं मनात आलं होतं. पण त्यांना यातलं सगळं आधीपासून माहीत आहे. तेव्हा ते माझ्याकडेच राहील.

पुढच्या सीझनला कल्याणचं एक लग्न घेतलंय. मंगलाष्टकं होईपर्यंत, तेवढा वेळ, हिला जरा घ्याल का? तुम्ही नाहीच म्हणाल. म्हणाल, "मूल तू घे, कॅमेरा मला दे." आणि काका, कॅमेरा काही मी देणार नाही.