सोमवारचं पाणी

८ मे २००६, सोम.
शिंक आली नि नेसतं पातळ ओलं. अशा अंगाने देवाला कसं शिवायचं? पूजा सुनेला, मृणालला सांगितली. निमित्त दुखऱ्या गुडघ्यांचं. सकाळपासून पाणी तोंडात घेतलं नाही. प्यायलंच नाही तर होईल कुठून! श्रीला मात्र आईचं कोण कौतुक. "या वयात निर्जळी सोमवार!" मृणालने तर वाकून नमस्कार केला. म्हणू देत उपास.

११ मे
आता गुरुवारही. शेजारणी समुद्रावर निघाल्या, मी नाही म्हटलं. बसमध्ये काही झालं तर? हे गेल्यावरसुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

१६ मे
काल पुन्हा निर्जळी. ओट्यापाशी चक्कर येऊन पडले. दवाखाना. डॉक्टरीणबाई तमिळ, माझं तमिळ भाजीवालीपुरतं. म्हणून श्री मध्ये दुभाषा. "आई, लघवीचा काही त्रास?" पोटचा मुलगा विचारतोय. छे, म्हटलं. बाईंनी त्याला बाहेर बसवलं, हिंदी येणारी नर्स बोलावली. मग सगळं सांगितलं. रडूच फुटलं. बाई जवळ येऊन म्हणाल्या, "पाट्टी, तण्णि कुडिंग." आजी, पाणी प्या.

१७ मे
पाणी तोडल्याने लघवी दाट होते, घाई वाढते. तपासणीत जंतूही निघाले. गोळ्या. पाणी थोडंथोडं दिवसभर, कॉफी एकदाच. घाईची वाट न बघता ठरल्या वेळी जाऊन यायचं. आणि बसल्याबसल्या, लघवी रोखल्यासारखं, आतून आवळायचं, सोडायचं. गुण यायला काही आठवडे. वयाचं म्हणून सोसत बसू नका, म्हणाल्या. हे आजवर कुणीच का नाही सांगितलं? संताप आला.
घरी एवढंच सांगितलं, ऊन लागलं.

२२ मे, सोम.
मृणालने कॉफी घेतली नाही. "आई, तुम्हाला जमणार नाही आता. तुमचे सोमवार मी धरलेत." पाण्याशिवाय, या उन्हात, दिवसभर बँकेत! संध्याकाळी चेहरा एवढासा झाला होता. सांगितलं तर तिच्या नजरेतून उतरेन. नाही सांगितलं तर पोरगी पडेल कुठेतरी. आज धीर झाला नाही.

२९ मे, सोम.
श्री कारखान्यात गेला. मृणाल चपला घालत होती. तिच्यासमोर पेलाभर पाणी प्यायले.
"आई, आज सोमवार!"
"माहितीये." दुसरा पेला भरून तिच्यापुढे धरला. "आधी पी. मग सांगते."
तिने पेला घेतला, दार लोटलं, चपला काढल्या.