उत्तरपूजेनंतरची माती

प्रिय बाळ,

पाकिटावर तिकिटं कमी पडली तर पत्र परत येईल, या धास्तीने सुनेला दोनदा विचारून घेतलं. ती म्हणाली, "बाबा, फोन करा ना सरळ." पण फोनवर तुझ्या लेकीचं, देवयानीचं नाव काढलं की तुझा सिग्नल जातो. पत्र फार तर फाडशील, पण आधी वाच.

मी कोर्टात जाऊन आलो. घाबरू नकोस, साक्षीदार म्हणून. इथे फ्रीमाँटमध्ये आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये गणपतीत चोरी झाली. साउंड सिस्टीम ओढून काढताना चोराच्या हातून छतातला आग विझवायचा पाइप तुटला. सकाळी आम्ही दार उघडलं तर घोटाभर पाणी. लाकडी जमीन फुगलेली, गालिचे गेलेले आणि पेणहून मागवलेली शाडूची मोठी मूर्ती पार विरघळलेली. चोर सापडला, चोरी त्याने कबूलही केली. पण इथला कायदा असा, की गुन्ह्यात केलेलं नुकसान ठरलेल्या रकमेच्या वर गेलं तर वर एक वर्षाची जादा कैद. आमचा सेक्रेटरी राजेश, त्याने मूर्तीची किंमत जहाजाच्या भाड्यासकट नुकसानीत धरली होती. तेवढ्यानेच रक्कम वर जात होती.

आणि त्या चोराला सरकारने दिलेली वकील कोण, तर तुझी देवयानी. आमची ओळख आहे हे तिने जजना आधीच सांगून ठेवलं. मला तिने एकच विचारलं, "काका, उत्तरपूजा झाली होती?" झाली होती रे. आदल्या संध्याकाळी मीच सांगितली, मूर्ती मीच जागची हलवली. मी तशी साक्ष देणार हे राजेशला कळलं तसा घरी आला. "काका, तुम्ही आपले की त्या चोराचे? झाली नव्हती म्हणा, कोण बघायला आलंय?" मी कमी शिकलेला माणूस, इथे मान आहे तो पूजा सांगतो म्हणून. देवाच्या बाबतीत खोटं कसं बोलू? आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. चुकून भलतं बोललो तर ग्रीन कार्ड काढून घेतील, असंही वाटायचं.

काळ्या कोटात ती उभी राहिली आणि मला काका नाही, मिस्टर म्हणाली. जरा लागलं. पण आवाज काय लागला होता तिचा! उत्तरपूजेनंतर मूर्तीत काय उरतं? मी म्हटलं, माती. दुसऱ्या सकाळी काय करणार होता? म्हटलं, पार्किंगमध्ये टाकीत बुडवणार होतो, तळ्यात परवानगी नाही. मग पाइपाने वेगळं काय केलं? सरकारी वकील हरकत घ्यायला उठला, तोवर मी बोलून मोकळा, "आमची टाकी भरायची मेहनत वाचवली." ज्युरीतली माणसं हसली. जजबाई माझ्यावर रागावल्या.

ज्युरीने मूर्ती नुकसानीतून वगळली. चोरीची शिक्षा त्याला होईलच, पण जादा वर्ष टळलं. त्याची आई देवयानीच्या गळ्यात पडून रडली. राजेश अजून माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. मी आल्यागेल्याला सांगतो, ही आमच्या बाळची मुलगी.

परत येताना गाडीत तिला विचारलं, तुला हे सुचलं कसं? म्हणाली, लहानपणी गच्चीवर बादलीतला गणपती बघून मी रडत होते, तेव्हा बाबांनी मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "रडू नको, बाप्पा मघाशीच गेले, ही आता माती." एवढं बोलली आणि उगाचच आरसा नीट करत राहिली. इंजिनिअरिंग सोडलं तेव्हापासून तू तिला चोरांची वकील म्हणतोस. त्या दिवशी कोर्टात तिने तुझंच वाक्य जिंकवलं. बाबांना पत्र लिहा असं ती मला म्हणालेली नाही, पण मला राहवेना. तिचा नंबर मागच्या पानावर देतोय. लाव. सिग्नल गेला तर परत लाव.

तुझाच,
नंदू