तीन सॉफ्टवेअर आणि एक मेहुणा

३ जून, सकाळी
ठरलं. सूड. बारकीला चारीमुंड्या चीत करायचं.

बावीस वर्षं मालिका एडिट करतोय मी. सहा वर्षांपूर्वी ही माझ्या हाताखाली आली, तेव्हा टाइमलाइन कशाशी खातात हे हिला ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं होतं, उद्या दहाला ये, वही आण. आज ती एडिटिंगची हेड! म्हणते, सर, तुमचं जुनं सॉफ्टवेअर बंद करून नवं घेऊ. निर्माते म्हणाले, एकच सीन दोघं कापा. जुन्यावर तुम्ही, नव्यावर ती. बघून ठरवू.

बघाच.

४ जून
निःपक्षपातीपणा म्हणून तिसरं, फुकटचं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. रंग सुरेख येतात. हे कुणापुढे कबूल करणार नाही.

घरी बायकोला नव्याचे सतरा दोष ऐकवले. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिच्याकडेही नंतर बघतो.

६ जून
माझा कट तयार. सीन असा: डॉक्टर नायिकेला वाईट बातमी सांगतो. डॉक्टर म्हणजे निर्मात्यांचा मेहुणा. त्याला अभिनय येत नाही, पण प्रत्येक क्लोजअप ठेवलाय. पाच मिनिटं दहा सेकंद. अजरामर काम.

७ जून, दुपारी ३
देव आहे! बारकी आउटडोअर शूटिंगला गेली. फोनवर म्हणाली, सर, माझा कट तयार आहे, तेवढा एक्स्पोर्ट करून ठेवाल का? म्हटलं, अगं, त्यात काय.

५:३०
एक्स्पोर्टचं बटण सापडायला चाळीस मिनिटं. दोष क्रमांक अठरा.

त्याआधी तिच्या कटची वाट लावली. मेहुण्याचे सगळे शॉट उडवले. आवाज त्याचा, तोंड कुठेच नाही; नुसता नायिकेचा चेहरा. रागात होतो, एका बैठकीत झालं, हात सवयीनं चालले. सुरुवातीच्या पाटीवर नाव तिचंच. मेहुणा गायब म्हटल्यावर निर्माते तिला उभं करणार नाहीत.

९ जून
स्क्रीनिंग. बारकीही परतली. माझा कट चालू असताना निर्मात्यांनी दोन फोन घेतले.

मग तिचा. मेहुणा कुठेच दिसेना. मी खूश. शेवटी निर्मात्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, हा सीन मला आज पहिल्यांदा कळला. मेहुणा म्हणाला, माझा आवाज इतका चांगला आहे हे मला माहीतच नव्हतं.

नवं सॉफ्टवेअर मंजूर. माझं मशीन सोमवारी स्टोअररूममध्ये.

संध्याकाळी
बारकी केबिनमध्ये आली. दार लावलं. म्हणाली, सर, हा कट माझा नाही. पापणी मिटायच्या दोन फ्रेम आधी कापायचं, हे इथे एकाच माणसाला जमतं. निर्मात्यांना सांगू का, तुमचा आहे म्हणून?

हो म्हणावं, तर तिच्या कटला हात लावल्याचंही सांगावं लागणार. म्हटलं, तू काय बोलतेस, मला कळत नाही.

ती बरं म्हणाली. हसली असती तरी चाललं असतं. हसली नाही. जाताना म्हणाली, नवं सॉफ्टवेअर मी शिकवीन, उद्या दहाला या. वही आणा.

घरात वही ही एकच. लिहिलेली पानं फाडावी लागतील.