एक थेंब वर

८ फेब्रुवारी
आईचा खांदा दुखतोय, म्हणून सकाळी अंधेरीच्या बाजारात तिच्या जागी मी. मांदेलीचे वाटे लावले. गिऱ्हाइकाच्या पिशवीत वाटा ओतला की वर दोन-चार मांदेल्या. शाळेच्या आधी आईने हेच शिकवलं. माप भरलं तरी वर थोडं द्यायचं, वाटा मरतुकडा दिसला तर जरा जास्त.
"हात इसरला नाय गो तुजा," आई म्हणाली.
तिथेच चरकले. लॅबमध्येही हात हाच.

९ फेब्रु.
दिवसभर आठवून पाहिलं. डिसेंबरात भाताच्या रोपांना जिवाणूंचं पाणी दिलं, दर नळीत मोजून एक मिली. निम्मी रोपं साधी. निम्म्यांत एक जनुक कापून बंद केलेलं. ते मुळाशी जिवाणूंना अडवतं, असा आमचा अंदाज. ते नसेल तर नत्र पुरवणारे जिवाणू मुळात जास्त शिरतात का, एवढाच प्रश्न. उत्तर आलं होतं: हो, पुष्कळ जास्त.
पण बदललेली रोपं खुरटी होती. पिपेटच्या टोकाला राहिलेला थेंब मी त्यांच्यावर झटकला. किती रोपांना, आठवत नाही. झटकला हे नक्की. वहीत नोंद नाही.

१० फेब्रु.
निलेशला सांगितलं. रोपं त्याने बनवली, पाणी आणि मोजणी माझी. पेपर या महिन्यात जायचा, दोघांच्या नावाने.
"एका थेंबाने काय होतंय गं? जिवाणू आहेत ते, वाढतातच."
मग तसं लिहूया, थेंब जास्त पडला म्हणून.
"वेडी आहेस का? कोण छापेल?" मग, "पुढच्या महिन्यात नोकरीची मुलाखत आहे माझी. पेपर नसेल तर वाट लागली. तुला कुणी विचारलंय का?"
कुणीच नाही.

११ फेब्रु.
आमच्या गाइड मॅडमना मेल लिहिला. खोडला. पुन्हा लिहिला, तोही खोडला.
आई: "येक थेंब वर दिलास तं काय पाप केलंस?" समजावता आलं नाही. नि.चं आणि तिचं म्हणणं एकच. दोघंही बरोबर असतील.

१२ फेब्रु.
शेवटी तोंडानेच सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं.
"कुठल्या रोपांना?"
खुरट्यांना.
"म्हणजे बदललेल्यांनाच." चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निलेशला माहीत आहे?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पण त्याला आधी विचारायला हवं होतं. पेपर थांबला.

१४ फेब्रु.
पुन्हा पेरणी. बदललेलं बी एका खेपेपुरतंच उरलंय. नि. बोलत नाही. बी मात्र त्यानेच काढून दिलं, प्रत्येक दाणा भिंगाखाली बघून.

२१ फेब्रु.
नळ्यांवर आता नुसते आकडे. कुठली कोणती त्याची यादी मॅडमच्या कपाटात, पाकीट चिकटवून. खुरटं रोप डोळ्याला कळतंच, म्हणून प्रत्येक नळीला वरपर्यंत काळा कागद. वर फक्त भोक.
पाणी मीच दिलं. मध्येच टोकाला एक थेंब राहिला. हात थांबला.
"टाक कचऱ्यात," मागून नि. दहा दिवसांतलं पहिलं वाक्य.

४ मार्च
मॅडमनी रोपं छाटून सारख्या वजनाची मुळं दिली, वर नुसते आकडे; ती धुतली, वाटली, जिवाणू वाढवायच्या ताटल्यांवर पसरली. नि.ची मुलाखत काल झाली. पेपरचं विचारलं त्यांनी. "काम चालू आहे म्हणालो." अजून कळवलेलं नाही.

६ मार्च
मोजणी झाली. प्रत्येक ताटली दोनदा. काहींत जिवाणूंचे ठिपके दाट, काहींत विरळ, अधलंमधलं फारसं नाही. कुठल्या रोपांचे कोणते, माहीत नाही.
नि. खुर्ची ओढून शेजारी बसला.
"दाटवाल्या आपल्या बदललेल्या ना?"
माहीत नाही.
"अगं, वाटतंय काय तुला?"
काही वाटून घ्यायचं नाही असं ठरवलंय, म्हटलं.
खोटं होतं. विरळ ताटल्या मी तिसऱ्यांदा मोजायला काढल्या होत्या. त्याने बघितलं. त्या परत जागेवर ठेवल्या.
मॅडम सोमवारी पाकीट उघडतील.